दुखण्याची रजा

८ जानेवारी

ताई,

"तुझं दुखणं एक दिवससुद्धा रजा घेत नाही का गं?" असं तू मला फोनवर विचारलं होतंस. रविवार होता. मागे आई खोकत होती. तुझ्या हातात बहुतेक भांडं होतं, कारण ते तू जोरात खाली ठेवल्याचा आवाज आला. मी काहीतरी उत्तर दिलं असेन, ते आता आठवत नाही. तुझं वाक्य मात्र नऊ वर्षं जसंच्या तसं राहिलंय, त्यातल्या 'गं'सकट. एवढ्या रागातही तू 'गं' गाळला नाहीस, याचं मला अजून नवल वाटतं.

डाव्या हाताने लिहितेय. अक्षराकडे बघू नकोस असं म्हणणार होते, पण पंचवीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेली बाई आधी अक्षरच बघणार.

काल दुपारी तुला एका अनोळखी नंबरवरून फोन आला असेल. त्याबद्दल माफ कर. मी एका दवाखान्यात नाव घातलंय. तिथल्या फॉर्मवर 'जवळची व्यक्ती' असा एक रकाना होता आणि तो रिकामा सोडला तर खिडकीतली बाई फॉर्म घेईना. "कोणीतरी असेलच की हो," म्हणाली. मी तुझा नंबर लिहिला. नऊ वर्षांत एकदाही लावला नाही, पण बोटांना पाठ होता.

तू फोनवर काय म्हणालीस ते तिने मला सांगितलं. सांगताना तिचा आवाज बारीक झाला होता. तू विचारलंस, "जिवंत आहे ना?" ती म्हणाली, हो. तू म्हणालीस, "मग नसली की कळवा." मला हसू यायला हवं होतं. हल्ली हसू येईपर्यंत विषय बदललेला असतो.

उपचार असा आहे की डोक्याला बाहेरून एक लोहचुंबक लावतात. कापत नाहीत, टोचत नाहीत, भूलही देत नाहीत. विजेवर चालणारं यंत्र आहे, ते चुंबकाचे ठोके मेंदूच्या एका ठरावीक जागेवर देतं. रोज वीस मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस, चार आठवडे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाताची जखम कधीच भरलीय, पण दुखण्याची वर्दी देणारी मेंदूतली घंटा वाजायची थांबलेली नाही. "आपण घंटा काढून टाकणार नाही," म्हणाल्या. "तिचा आवाज कमी होतो का ते बघणार. सगळ्यांचा होतोच असं नाही."

मी म्हटलं, बघा.

बाइंडिंगच्या कारखान्यात, गठ्ठे दाबायच्या प्रेसखाली माझा हात सापडला त्याला आता अकरा वर्षं झाली. हाडं सहा महिन्यांत जुळली. हात दिसायला धडधाकट, हेच त्याचं वाईट झालं. प्लास्टर होतं तोवर लोक दार उघडून धरायचे. प्लास्टर गेल्यावर "अजून?" असं विचारायला लागले. तू सगळ्यांत उशिरा विचारायला लागलीस, हे मी मान्य करते. पण आई अंथरुणाला खिळली, तुझ्या घरी राहिली, तिचं सगळं तू एकटीने केलंस, आणि मी सहा महिन्यांत चारदा आले. आई गेली त्या गुरुवारी तर आलेच नाही. त्या दिवशी माझी काय अवस्था होती हे तुला वेगळं सांगायला नको. तुला फोनवर सांगितलंच होतं.

पत्राला उत्तर नको. नुसतं कळावं म्हणून लिहिलं.

नाजूकबाई

(तूच ठेवलेलं नाव. दुसरं काही लिहिलं तर ओळखणार नाहीस.)


१२ जानेवारी

ताई,

आज पहिला दिवस झाला. पहिल्या दिवशी बरोबर कोणीतरी लागतं, हजारात एखाद्याला फिटचा झटका येऊ शकतो म्हणून. मी ज्या खोलीत राहते तिच्या खाली इस्त्रीचं दुकान आहे. इस्त्रीवालीला विचारलं. तिने विस्तवावर पाणी मारलं, दुकान बंद केलं आणि आली. कारण विचारलं नाही. दवाखान्याच्या दारात मात्र तिला धीर धरवेना.

"हिला शॉक देणार का हो?" तिने मशीनवाल्याला विचारलं.

"शॉक नाही मावशी. चुंबक आहे."

"चुंबकाने काय होतंय? माझ्या फ्रिजला चार लावलेत, फ्रिज तसाच आहे."

मशीनवाला पन्नाशीचा असेल. सावकाश बोलतो, बोटांची नखं अगदी बारीक कापलेली. त्याने माझ्या डोक्यावर पोहायची टोपी चढवली आणि तिच्यावर पेनाने खुणा केल्या. मग ते यंत्र आणलं. एखाद्या राक्षसाचा चष्मा असावा तसं दिसतं, दोन गोल एकमेकांना चिकटलेले. कानात कापसासारखे बोळे. "ताई, उजवा हात मांडीवर सैल सोडा," तो म्हणाला. "मी जागा शोधतो. सापडली की अंगठा सांगेल."

तो चष्मा डोक्यावर इकडे तिकडे सरकवत होता. एक ठोका, थोडं सरक, एक ठोका. टपली मारल्यासारखं वाटतं. जबडा थरथरतो. आणि मग माझा उजवा अंगठा उडाला.

मी उडवला नव्हता. मांडीवर पडलेला होता, तो आपला आपण उडाला, बेडकासारखा. अकरा वर्षं मी त्या हाताला कुणाचा धक्का लागू दिलेला नाही. गर्दीत शिरायचं झालं तर तो पोटाशी धरून चालते. आणि इथे कोणी डोक्याला हात लावतंय आणि तिकडे अंगठा हजेरी देतोय.

"अगं बाई," इस्त्रीवाली म्हणाली. "मेलं कोंबडं हललं."

मशीनवाला हसला. मग जोर थोडा कमी करून त्याने खरी वीस मिनिटं सुरू केली. किट किट किट किट, मग थोडा थांबा, पुन्हा किट किट. समोर भिंतीवर चेहऱ्यांचा तक्ता आहे. शून्यापासून दहापर्यंत अकरा चेहरे, दुखत नसलेल्यापासून रडणाऱ्यापर्यंत. शून्याचा चेहरा इतका हसरा आहे की असा माणूस मला जन्मात भेटलेला नाही.

"आज किती?" शेवटी त्याने विचारलं.

"सात."

"आल्यावर किती होतं?"

"सात."

त्याने लिहून घेतलं. चेहरा जराही बदलला नाही, हे मला बरं वाटलं. सात म्हटलं की लोकांचा चेहरा बदलतो, मग पुढच्या वेळी ते आपल्याला टाळतात.

परत येताना इस्त्रीवाली म्हणाली, "मलाही एकदा बसवा तिथे. नवरा घोरतो ते ऐकू येणार नाही अशी जागा सापडते का बघू दे."


२२ जानेवारी

ताई,

नववा दिवस. तुझं उत्तर आलेलं नाही, ते बरोबरच आहे. मीच नको म्हटलं होतं.

सोमवारी सहा होतं. काल पाच. आज सकाळी दूध गाळताना लक्षात आलं की पातेलं मी उजव्या हाताने उचललंय. पातेलं अर्धं भरलेलं. मी ते तसंच धरून थोडा वेळ उभी राहिले, खाली ठेवू की नको ते कळेना. मग ठेवलं. काही वाटलं नाही. आनंद व्हायला हवा, असं मनात आलं. दुसऱ्याच्या घरी चांगली बातमी आली की आपण "अरे वा" म्हणतो, तसं मी स्वतःला "अरे वा" म्हटलं.

डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, अपेक्षित आहे. दात काढताना भूल देतात तेव्हा गाल चावला गेला तरी कळत नाही. इतकी वर्षं दुखणं सोसायला तुम्ही तशीच काहीशी भूल स्वतःला देत आला असाल. ती निवडून एकाच गोष्टीला लागत नाही, सगळ्यालाच लागते. आता त्या रोज आणखी दहा मिनिटं कपाळाच्या डाव्या बाजूला यंत्र लावायला सांगतात. तिथे म्हणे मनाची जागा आहे. तिथे ठोका मारल्यावर काहीच उडत नाही. मी मशीनवाल्याला विचारलं, इथली जागा बरोबर सापडली हे तुम्हाला कसं कळतं?

"मोजून काढतो, ताई. अंगठ्यापासून पुढे अमुक इतकं. इथे सांगायला कोणी नसतं."

"मग बरोबर आहे हे कधी कळणार?"

"ते तुम्हीच सांगाल."

माझ्या मनाबद्दल मीच सांगायचं, हे मला अवघड वाटतं. रोज विचारतात, मन कसं आहे? मी म्हणते, आहे.

हे पत्र उजव्या हाताने लिहितेय. दोन ओळी लिहून थांबते, मग पुन्हा लिहिते. तुला आठवत असेल, पत्र कसं लिहायचं ते मला तूच शिकवलंस. तारीख उजव्या कोपऱ्यात, मायना डावीकडे, आणि 'शाई सांडली तर नवा कागद घे, बोटाने पुसू नकोस.' आई म्हणायची, ही घरातसुद्धा शाळा भरवते.


२९ जानेवारी

ताई,

तुझं कार्ड आलं.

इस्त्रीवालीने दिलं, पोस्टमनने तिच्याकडे टाकलं होतं. कार्ड होतं म्हणून तिने वाचलंही. "दोन वाक्यं लिहायला एवढं मोठं कार्ड कशाला?" म्हणाली. "आणि एकात कौतुक, एकात हाकललंय. बाई तुमची बहीण आहे की सासू?"

'अक्षर सुधारलंय. पत्रं पाठवू नकोस.'

मी ते खूप वेळा वाचलं. अक्षर सुधारलंय हे कळायला आधीची दोन्ही पत्रं ठेवलेली असावी लागतात. मी यातून काही काढत नाही. फक्त लक्षात आलं ते लिहिलं.

तुझं दुसरं वाक्य मी मोडतेय. लहानपणी तू 'इथे पाय ठेवायचा नाही' म्हणालीस की मी तिथेच पाय ठेवायची.

चौदा दिवस झाले. आज चार. डॉक्टरीणबाईंनी आज विचारलं, पूर्वीची काही नोंद आहे का? कधी वाढतं, कधी उतरतं? मी म्हटलं, अकरा वर्षांच्या वह्या आहेत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

तुला त्या वह्या माहीत नाहीत. हात मोडल्यावर हाडांच्या डॉक्टरने सांगितलं होतं, रोज संध्याकाळी एक आकडा लिहून ठेवा, शून्य ते दहा. तो डॉक्टर पुढे बदली होऊन गेला. थांबा असं मला कोणी सांगितलं नाही, म्हणून मी लिहीत राहिले. कारखान्यातून निघताना मालकाने हिशेब न करता दोन गठ्ठे वह्या दिल्या होत्या, बाइंडिंग चुकलेल्या. कुणाचं मुखपृष्ठ उलटं, कुणाची मधली पानं डोक्यावर उभी. त्यातच लिहिते. रोज संध्याकाळी सहाच्या आधी, डाव्या हाताने. तारीख, वार, आकडा.

त्या वह्यांत मी कधीच खोटं लिहिलेलं नाही. तोंडाने लोकांना काय काय सांगितलं असेल. पाच असताना आठ म्हटलंय, कारण पाचवर कोणी खुर्ची देत नाही. आठ असताना तीन म्हटलंय, कारण समोरचा कंटाळला होता. पण वहीत नाही. माझ्यावर विश्वास ठेवेल असं एक तरी कोणी हवं होतं, आणि ती वही झाली.

उद्या पिशवीत घालून नेईन.


३ फेब्रुवारी

ताई,

वह्या दिल्या नसत्या तर बरं झालं असतं.

आज डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवलं. टेबलावर दुसऱ्या वर्षाची वही उघडी होती, मुखपृष्ठ उलटं लागलेली. त्यांच्या सहायकाने सगळे आकडे कॉम्प्युटरवर चढवून आलेख काढला होता. अकरा वर्षांचं माझं आयुष्य एका कागदावर मावलं. सहा, सात, आठ यांच्यामध्ये खालीवर होणारी एक रेघ, गवत वाऱ्यावर हलावं तशी. आणि एका जागी ती सरळ खाली आलेली.

"हे बघा," त्या खूश होत्या. "एकच दिवस. आदल्या दिवशी सात, दुसऱ्या दिवशी नऊ, आणि मध्ये हा गुरुवार. दोन. अकरा वर्षांत दुसरा असा दिवस नाही. मला हा दिवस हवाय. त्या दिवशी तुम्ही काय केलं होतं? काय खाल्लंत, किती झोपलात, कुठे गेला होतात?"

मी म्हटलं, आठवत नाही.

"काहीच नाही? कोणी भेटलं? काही चांगली बातमी?"

"चुकून लिहिला असेल आकडा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही?" म्हणाल्या. एवढंच. मग वही मिटली.

नंतर यंत्राखाली बसले तेव्हा मशीनवाल्याने विचारलं, आज किती? मी म्हटलं, तीन. खरं आहे, आज तीनच आहे. उतरतंय, ताई. आणखी उतरलं तर दोन होईल. मला दोन नकोय, हे मी त्यांना कसं सांगू?


७ फेब्रुवारी

ताई,

काल विसावा दिवस झाला. यंत्र संपलं. शेवटचा आकडा तीनच राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चांगलं आहे, टिकेल का ते सांगता येत नाही, दोन महिन्यांनी पुन्हा या. मशीनवाल्याने ती खुणा केलेली टोपी मला देऊन टाकली. तिचं काय करतात ते मला माहीत नाही.

आज सकाळी मी केस धुतले आणि दोन्ही हातांनी वेणी घातली. वेणी अर्धी झाली आणि मला रडू आलं. फार नाही. नळ नीट बंद न केल्यावर गळतो तेवढं. मशीनवाला म्हणाला होता, ते तुम्हीच सांगाल. तर सांगते.

त्या गुरुवारी सकाळी मी उठले तेव्हा हात नुसता हात होता. मला आधी वाटलं, मी झोपेत आहे. बोटं मिटली, उघडली. उशी उचलून पाहिली. मग मी पाणी तापवून केस धुतले, वेणी घातली आणि गॅलरीत खुर्ची टाकून उन्हात बसले. पाय कठड्यावर. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादरी वाळत घालत होतं. मला दुसरं काही नको होतं. दोन वर्षांनी पहिल्यांदा.

अकराच्या सुमाराला तुझा पहिला फोन वाजला. मी उचलला नाही. आत टेबलावर वाजत होता, आणि मी चादरी मोजत होते.

दुसरा दोन वाजता. तो उचलला. तू म्हणालीस, "आज ये. जमेल तशी ये. भावोजींना स्टँडवर पाठवते." तू ओरडली नाहीस, टोमणा मारला नाहीस. तुझा आवाज तसा मी कधी ऐकला नव्हता, आणि त्यावरूनच मला सगळं कळायला हवं होतं. कळलंही होतं. मी म्हटलं, "आज फारच आहे गं. हात हलवतासुद्धा येत नाहीये." आणि त्याच हाताने मी फोन धरला होता.

तू म्हणालीस, "बरं." तेवढंच.

मी का असं केलं, याची नऊ वर्षांत पुष्कळ कारणं तयार झाली. धडधाकट हात घेऊन आले असते तर तू म्हणाली असतीस, 'बघा, म्हटलं नव्हतं?' हे एक. दोन तासांच्या बसमध्ये दुखणं परत आलं असतं, हे दुसरं. दोन्ही खरी आहेत आणि दोन्हींना काही अर्थ नाही. खरं कारण एवढंच की रजा मिळाली होती, आणि ती मला माझ्यासाठी हवी होती. आईच्या उशापाशी घालवायची नव्हती. तू रविवारी विचारलं होतंस ना, एक दिवससुद्धा रजा घेत नाही का? घेतली होती, ताई. चारच दिवसांनी. मी तुला सांगितलं नाही.

मी साडेपाचला वही काढून दोन लिहिला. पावणेसहाला आई गेली. भावोजींचा फोन सात वाजता आला. तेव्हा मी पुन्हा गॅलरीतल्या त्याच खुर्चीत बसलेली होते, ऊन गेलं होतं तरी.

दुसऱ्या दिवशी आले तेव्हा नऊ होतं, ते खरं होतं. तू दार उघडलंस आणि म्हणालीस, "आलीस? आता काय करायला?" आणि मी हात पोटाशी धरून उभी राहिले, तुला तो दिसावा म्हणून. तू गेली नऊ वर्षं धरून चाललीस की मी दुखण्याचं निमित्त पुढे केलं. लोकांनी तुला समजावलं असेल, 'नाही हो, तिला खरंच दुखत होतं.' बाकी सगळे दिवस खरंच होतं. तेवढा एक दिवस सोडून. आणि तुझा राग नेमका त्या दिवसावर आहे, म्हणजे तू बरोबर आहेस.

डॉक्टरीणबाईंना काल सांगितलं. जाताना, दारात. त्यांनी ऐकून घेतलं, आणि तो आलेख घडी करून माझ्याजवळ दिला. म्हणाल्या, "मग हा माझ्या कामाचा नाही. तुमच्या बहिणीच्या कामाचा असेल." तो या पत्रात घातलाय. जिथे रेघ खाली येते तिथे मी काही खूण केलेली नाही. तुला दिसेल.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि ते काय असेल हे आपल्या दोघींना माहीत आहे. मला दुसरं काहीतरी हवंय. तेही तू देणार नाहीस. कार्ड परत पाठवशील, किंवा तेही पाठवणार नाहीस, पत्र भावोजींच्या हातून कचऱ्यात जाईल. तरी विचारते.

त्या गुरुवारचा माझ्याकडे फक्त एक आकडा आहे. बाकीचा सगळा दिवस तुझ्याकडे आहे. आई सकाळी जागी होती का, कोणत्या कुशीवर होती, काय म्हणाली, पहिला फोन तू स्वतःहून केलास की तिने करायला सांगितला. माझं 'येत नाही' तू तिला सांगितलंस का, आणि कसं सांगितलंस. सकाळपासून पावणेसहापर्यंत. मला तो दिवस लिहून पाठव. माझी गय करू नकोस, काही गाळू नकोस.

अक्षर कसंही असलं तरी चालेल.